संगणकाचा नकार कसा वाचावा

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यांत आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें. त्या वेळच्या विज्ञान-प्रदर्शनांत आम्हां शिक्षकांवर एक ओशाळवाणा प्रसंग ओढवला, आणि त्यापायीं इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यावर चाळीस मिनिटें अन्याय झाला. त्या प्रसंगाचें कारण शोधितांना आम्ही जें शिकलों तें येथें सांगावें असें मनांत आहे. आमचे बहुतेक वाचक आतां रोजच संगणक किंवा मोबाइल हाताळतात, आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, म्हणजे ‘जोडणी नाकारली’, हे शब्द केव्हां ना केव्हां त्यांच्या पुढ्यांत येतातच.

हकीकत अशी. शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आठवीचीं मुलें रोज सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे हवामान खात्याच्या वेधशाळा ज्या वेळीं पाऊस मोजतात त्याच वेळीं, पात्रांतील पाणी मोजून मिलिमीटरांत नोंद करितात. त्या वर्षीं चार महिन्यांत एकहि दिवस चुकला नव्हता. रविवारींहि कोणी ना कोणी भिजत येऊन गेलें होतें. या नोंदी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील ‘रास्पबेरी पाय’ नांवाच्या, तळहातावर मावेल एवढ्या संगणकांत ठेविलेल्या असतात. शाळेंतील कोणत्याहि संगणकावर ब्राउझर उघडून त्या लहानग्याचा पत्ता घातला कीं महिनावार आलेख समोर येतो.

पाहुणे चार वाजतां यावयाचे होते. तीन वाजतां आम्हीं सभागृहांतील संगणकावर पत्ता घातला, तों आलेखाऐवजीं वर सांगितलेले दोन शब्द! आतां सभागृहांतील टेबलें सरकविण्याचें काम त्या विद्यार्थ्याकडे होतें, आणि जाळ्याची तार नेमकी त्याच टेबलाखालून जात होती. ‘तार तूंच ओढलीस,’ असें आम्हींच प्रथम म्हटलें. तो ‘नाहीं सर’ एवढेंच म्हणाला आणि भिंतीशीं जाऊन उभा राहिला. मग आम्हीं तार बदलली, स्विच बंद करून चालू केला, कचेरींतून दुसरी तार मागविली, संगणकहि एकदां झोपवून उठविला. नकार कायम. वस्तुतः तो मुलगा निर्दोष आहे हें पडद्यावर लिहिलेलेंच होतें. आम्हांस तें वाचतां आलें नाहीं.

पावणेचार होण्यास थोडा अवकाश असतां संगणक शिकविणाऱ्या बाई तेथें आल्या. त्यांनीं तारेकडे पाहिलेंहि नाहीं. त्यांनीं एकच प्रश्न केला: “सर, नकार किती वेळानें येतो?” आम्हीं पुन्हां पत्ता घातला. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच नकार आला. “मग तार चांगली आहे,” त्या म्हणाल्या.

हें त्यांनीं कशावरून ताडलें तें समजण्यासाठीं ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यांतील संभाषण कसें सुरू होतें तें पाहिलें पाहिजे. जो संगणक पान मागतो तो ग्राहक, आणि जो पान देतो तो सर्व्हर. पान कसें मागावें आणि कसें द्यावें याच्या नियमांस एच्. टी. टी. पी. म्हणतात, जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं मांडलेल्या योजनेंतून हे नियम जन्मास आले. परंतु पान मागण्यापूर्वीं दोघांची गांठ पडावी लागते, आणि ती पाडून देण्याचें काम त्याहून जुन्या टी. सी. पी. नांवाच्या नियमांकडे आहे. त्यांची संहिता जॉन पोस्टेल यांनीं संपादन करून सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध केली. ऑगस्ट २०२२ मध्यें ती नव्यानें एकत्र लिहून काढण्यांत आली, तथापि गांठ पाडण्याची रीत तीच राहिली आहे.

प्रत्येक संगणकास जाळ्यावर एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर ० पासून ६५५३५ पर्यंत क्रमांकांचीं दारें असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. साध्या पानांचें दार ८०, गुप्तलेखनानें सुरक्षित केलेल्या पानांचें ४४३, असा संकेत आहे. आमच्या पर्जन्य-नोंदींचें दार ५००० होतें. हें दार म्हणजे लांकडाची फळी नव्हे. ज्या क्रमांकावर एखादा प्रोग्राम कान देऊन बसला असेल तेंच दार उघडें; बाकीचीं सारीं बंद. संगणक जागा आहे, परंतु दारांत कोणी बसलेलें नाहीं, अशी स्थिति त्यामुळें सहज संभवते.

ग्राहक प्रथम त्या दारावर थाप मारतो. या पहिल्या पॅकेटास सिन् म्हणतात. आंत कोणी असल्यास तो ‘ऐकलें, तुम्हीहि ऐका’ अशा अर्थाचें सिन्-ॲक् पाठवितो. ग्राहक त्यावर ॲक् देऊन ‘ठीक’ म्हणतो. इतकें झाल्यावरच एच्. टी. टी. पी. चें पहिलें अक्षर तारेवर पडतें. यावरून एक गोष्ट उघड होते. ४०४ किंवा ५०० असा आंकडा पडद्यावर आला तर गांठ पडली, प्रश्न ऐकला गेला, आणि मग सर्व्हरनें ‘असें पान नाहीं’ किंवा ‘माझेंच कांहीं बिनसलें आहे’ असें सांगितलें. जोडणी नाकारली जाते तेव्हां मात्र प्रश्न विचारलाच गेलेला नसतो. मागणीचा मजकूर चुकला कीं काय, परवलीचा शब्द चुकला कीं काय, याची चिंता त्या घडीस व्यर्थ होय.

दारांत कोणीच नसेल तर काय होतें? येथेंच सर्व मर्म आहे. दारांत प्रोग्राम नसला तरी संगणकाची मूळ कार्यप्रणाली जागी असते. थाप ऐकून ती ‘रीसेट’ नांवाचें पॅकेट उलट पाठविते: येथें या क्रमांकावर कोणी नाहीं. हाच तो नकार. तो येण्यासाठीं आपलें पॅकेट समोरच्या संगणकापर्यंत पोंचावें लागतें, समोरचा संगणक चालू असावा लागतो, आणि त्याचें उत्तर त्याच वाटेनें सुखरूप परत यावें लागतें. तुटलेल्या तारेवरून नकार येऊं शकत नाहीं.

टपालाचा व्यवहार ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं. वकिलानें टपालानें पाठविलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आली, तर न्यायालयें ती बजावली गेली असेंच सामान्यतः धरितात. कारण शेरा मारण्यासाठीं टपालवाल्यास त्या दारापर्यंत जावें लागलें. पत्र वाटेंत गहाळ झालें तर शेरा कोठला!

याउलट मौनाचा अर्थ लावणें फार अवघड. थापेस कांहींच उत्तर आलें नाहीं तर लिनक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या पहिल्या थापेनंतर १ सेकंद थांबत, मग २, मग ४, अशी प्रत्येक वेळीं दुप्पट वाट पाहत आणखी ६ थापा मारीत आणि एकंदर १२७ सेकंदांनीं ‘वेळ संपली’ म्हणून हात टेकीत. समोरचा संगणक त्याच जाळ्यांत असून त्याची तार निघाली असेल तर इतकें थांबावें लागत नाहीं. कांहीं सेकंद घुटमळून ‘तेथवर वाट नाहीं’ असा वेगळाच संदेश येतो, आणि तो आपल्याच संगणकानें काढलेला निष्कर्ष असतो. मौनाचें कारण तुटकी तार असेल, बंद संगणक असेल, किंवा मध्यें बसलेली फायरवॉल थाप गिळून टाकीत असेल. विंडोज प्रणालींतील फायरवॉल तर बंद दारावरील थापेस उत्तरच देऊं नये अशाच बेतानें ठेविलेली असते, म्हणजे परक्यास येथें संगणक आहे याचाहि सुगावा लागूं नये. सबब घड्याळ हेंच या कामीं पहिलें हत्यार. तत्काळ आला तो नकार. रेंगाळलें तें मौन. (विंडोजवरील ग्राहक नकार मिळाल्यावरहि आणखी एकदोन थापा मारून पाहतो, म्हणून तेथें नकारासहि एकदोन सेकंद लागतात. तेवढी सूट द्यावी.)

मग नकार आला म्हणजे तार निर्दोष, असा सिद्धांत डोळे मिटून मांडावा काय? नाहीं, आणि बाईंनींहि तो तसा मांडला नाहीं. त्यांनीं लगेच दुसरा प्रश्न केला: “नकार कोणाचा?” पत्त्याच्या ठिकाणीं ‘लोकलहोस्ट’ हें नांव घातलेलें असेल तर त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो. तेव्हां आपण आपल्याच दारावर थाप मारून आपलाच नकार ऐकतों, आणि बाहेरच्या तारेविषयीं त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. दुसरें, घरगुती आणि शाळेच्या जाळ्यांत पत्ते राउटर वांटून देतो, आणि आज ज्याचा पत्ता आहे तो उद्यां दुसऱ्याच संगणकास मिळूं शकतो. तसें झाल्यास नकार खरा, परंतु भलत्याच घरचा. तिसरें, कांहीं फायरवॉली थाप गिळण्याऐवजीं घरमालकाच्या नांवानें स्वतःच नकार देतात. आमच्या ब्राउझरांत अंकांचा पत्ता होता, आणि तो त्या लहानग्यासच कायमचा लावून दिलेला होता. फायरवॉल कोणी बसविलेली नव्हती. म्हणून नकार त्याचाच.

यापुढें बाईंनीं जें केलें तें पाहून आमची उरलीसुरली शंकाहि गेली. प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतींत आहे. आम्ही तिकडे धांवण्याच्या बेतांत होतों. बाई खुर्चीवर बसल्या आणि सभागृहांतील त्याच संगणकावरून, त्याच तारेवरून, दूरवरून कारभार पाहण्यासाठीं राखलेल्या २२ क्रमांकाच्या दारानें त्या लहान संगणकांत शिरल्या. तार तुटलेली असती तर त्या कोठून शिरल्या असत्या? आम्हीं भिंतीशीं उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलें. तो पडद्याकडे पाहत होता.

आंत गेल्यावर त्यांनीं ‘एस् एस्’ ही आज्ञा दिली. कोणकोणत्या दारांत प्रोग्राम कान देऊन बसले आहेत त्याची यादी ही आज्ञा काढून देते. यादींत २२ होतें, ५००० नव्हतें. मग उलगडा झाला. सकाळीं अकराच्या सुमारास दहा मिनिटें वीज गेली होती. वीज परत येतांच लहान संगणक आपोआप उठला. परंतु त्यांतील नोंदी दाखविणारा प्रोग्राम आम्ही दर वेळीं हातानें सुरू करीत असूं, तो कोण सुरू करणार? घर जागें झालें, दारावरचा माणूस निजलेलाच राहिला.

आम्हीं उत्साहानें पुढें सरसावून तो प्रोग्राम सुरू केला. बाईंनीं त्या लहान संगणकाच्या आंतूनच ‘कर्ल’ नांवाच्या साधनानें पान मागून पाहिलें. पान आलें! आम्ही विजयी मुद्रेनें ब्राउझरकडे वळलों. तेथें पुन्हां तोच नकार. आंतून मागावें तर मिळतें, बाहेरून मागावें तर नाकारलें जातें. हा पेंच प्रथम अनुभवणारास भूतचेष्टेसारखा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा थोडा विस्तार करितों.

एका संगणकास बहुधा एकाहून अधिक पत्ते असतात. एक जाळ्यावरील पत्ता, जो इतरांस दिसतो. दुसरा १२७.०.०.१, जो फक्त त्यास स्वतःसच दिसतो. वर सांगितलेल्या ‘लोकलहोस्ट’चा अर्थ हाच. प्रोग्राम कान देऊन बसतो तेव्हां कोणत्या पत्त्याच्या दारांत बसावें हेंहि त्यास ठरवावें लागतें. वाड्याच्या माजघराकडच्या दारांत बसलेल्या माणसास वेशीकडच्या दरवाजावरील थाप ऐकूं येत नाहीं, तशीच ही गोष्ट. आमचा प्रोग्राम पायथन भाषेंतील ‘फ्लास्क’ या साधनावर लिहिलेला आहे, आणि कांहीं न सांगतां सुरू केल्यास फ्लास्क १२७.०.०.१ वरील ५००० व्या दारांतच बसतें. यांत त्याचा दोष नाहीं. चुका शोधण्यासाठीं त्याचा जो प्रकार वापरतात त्यांत बाहेरच्या माणसास संगणकावर हवी ती आज्ञा चालवितां येण्याचा धोका असतो, म्हणून आधीं घरांतल्यांपुरतेंच दार उघडण्याची ही सावधगिरी आहे. दर वेळीं ‘सर्व पत्त्यांवर बस’, म्हणजे ०.०.०.० असें आम्ही सांगत आलों होतों. त्या दिवशीं घाईंत तें विसरलों. ‘एस् एस्’ च्या यादींत आतां ५००० होतें, पण त्याच्या डावीकडे १२७.०.०.१ हा पत्ता होता. यादींत केवळ दाराचा आंकडा पाहून समाधान मानणारा येथें फसतो.

याच जातीचा दुसरा पेंच आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील मुलें प्रकल्प करूं लागलीं कीं त्यांत हटकून सांपडतात. पत्त्यांची जुनी पद्धत आयपी चौथी आणि नवी आयपी सहावी. ‘मी स्वतः’ यास जुन्या पद्धतींत १२७.०.०.१ म्हणतात, तर नव्या पद्धतींत दोन विसर्गचिन्हांसारखे टिंब आणि पुढें १ असें लिहितात. ‘लोकलहोस्ट’ या एकाच नांवाचे हे दोन अर्थ. ऑक्टोबर २०२१ मध्यें नोड या प्रणालीची सतरावी आवृत्ति निघाली, आणि तोंपर्यंत जुना पत्ता आधीं घेण्याची तिची संवय तिनें सोडून दिली. परिणाम असा झाला कीं सर्व्हर जुन्या पत्त्यावर बसलेला आणि ग्राहक नव्या पत्त्यावर थापा मारीत आहे, असे प्रसंग जगभर घडले. कालपर्यंत चालणारा प्रोग्राम एका अक्षराचा बदल न करितां नकार घेऊं लागला. अशा वेळीं नांव सोडून अंकांचा पत्ता घालून पाहावा. गुंता तत्काळ सुटतो किंवा निदान कोठें आहे तें कळतें. कंटेनर नांवाच्या पेटींत जे प्रोग्राम ठेवितात त्यांचीहि कथा हीच, कारण पेटींतल्यास ‘मी स्वतः’ म्हणजे ती पेटी, तिच्याबाहेरचा संगणक नव्हे.

बाकीचीं कारणें थोडक्यांत सांगतां येतील. दाराचा आंकडा चुकणें. हें सर्वांत साधें आणि सर्वांत शेवटीं सुचणारें. सर्व्हर उठण्यापूर्वींच ग्राहकानें थाप मारणें. यास उपाय म्हणजे थोडें थांबून पुन्हां विचारणें. कांहीं वेळां नकार आपणांस दिसतहि नाहीं: पुढें एक मध्यस्थ सर्व्हर असतो, मागच्या सर्व्हरनें त्यास नाकारलेलें असतें, आणि आपणांस मात्र ५०२ हा आंकडा दिसतो. तेव्हां मध्यस्थाच्या नोंदवहींत पाहावें. तेथें लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१ असा त्रुटीचा क्रमांक आढळला तर तो नकाराचाच होय.

थांबून पुन्हां विचारण्यांत नकाराचा एक मोठा गुण दिसतो, आणि तो आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. आपला ग्राहक थेट सर्व्हराशींच बोलत असेल आणि जोडणी नाकारली गेली असेल, तर मागणी पोंचलेलीच नाहीं. पुन्हां केल्यास ती दोनदां होण्याचें भय नाहीं. मागणी पाठवून झाल्यावर जर मौन पडलें, तर पैसे गेले कीं राहिले, अर्ज पोंचला कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नसतो. परीक्षेचा अर्ज भरतांना ज्या पालकांनीं तें फिरतें चक्र पाहत श्वास रोखून धरिला आहे, त्यांस या दोहोंतील अंतर सांगावयास नको.

आणखी एक इशारा. नकार आला कीं ‘फायरवॉल काढून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दारांत माणूस नाहीं म्हणून गांवकूस पाडण्यासारखें तें आहे. आधीं यादी पाहावी. आम्हांसहि बाईंनीं ०.०.०.० घालूं दिलें तें जाळें शाळेपुरतें आहे म्हणून, आणि चुका शोधण्याचा तो धोक्याचा प्रकार बंद असल्याची खात्री करून घेतल्यावर.

चार वाजून दहा मिनिटांनीं आलेख पडद्यावर आला. पाहुण्यांपैकीं निम्मे तोंवर मैदानावरील लेझीम पाहावयास निघून गेले होते. जे राहिले त्यांस जुलै महिन्याचा उंच स्तंभ कोणीं समजावून सांगावयाचा, असा प्रश्न पडला तेव्हां आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुढें बोलाविलें, आणि सर्वांसमक्ष सांगितलें कीं तार यानें ओढली नव्हती, आम्हींच त्यास उगाच बोल लाविला. तो लाजला. नोंदी मात्र त्यानें न अडखळतां समजावून दिल्या. त्यांतल्या पुष्कळशा त्याच्याच हातच्या होत्या.

संध्याकाळीं सामान आवरतांना तो परत आला. प्रोग्राम विजेबरोबर आपोआप सुरू व्हावा अशी तजवीज बाई करीत होत्या. त्यानें विचारलें, “बाई, तार खरोखरच निघाली असती तर काय दिसलें असतें?” बाई म्हणाल्या, “काढून पाहा कीं.” तेव्हां तो प्रयोगशाळेंत गेला, लहान संगणकाची तार त्यानें स्वतःच्या हातानें ओढून काढली, आणि धांवत सभागृहांत येऊन, ब्राउझरांत पत्ता घालून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत सेकंद मोजूं लागला.